सुई कोणी आणली? डॉ. कोटणीस, डॉ. बसू आणि ॲक्युपंक्चरचा इतिहास

(हदगाव येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी आम्हाला विषय दिला, 'ॲक्युपंक्चर : ओळख आणि आरोग्याला होणारे फायदे'. आम्ही त्यांना म्हणालो, "अहो, आमच्या नावामागे डॉक्टर लागतं खरं, पण ते तत्त्वज्ञानाचं. आमच्या हातात सुई दिली तर पेशंट पळून जाईल." त्यावर ते म्हणाले, "सर, तुम्ही स्वतः खांद्याला सुया टोचून घेतल्यात ना, मग तुम्हीच सांगा." तेव्हा आज आम्ही वैद्य म्हणून उभे नाही. एक पेशंट आणि एक जुना मास्तर म्हणून उभे आहोत. हे आधी ध्यानात घ्या, म्हणजे पुढचं बोलणं कोणत्या अधिकाराने चाललंय ते कळेल.

सुरुवात एका चुकीच्या कबुलीने करतो. नोकरीत असताना आम्ही वर्गात कित्येक वर्षं एक वाक्य मोठ्या अभिमानाने सांगायचो, की ॲक्युपंक्चर ही चिनी विद्या भारतात आणली ती आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी. मुलं टाळ्या वाजवायची. एके वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, कुठल्या वर्षी आणली? ते तर चीनमध्येच वारले ना?" आम्ही गप्प. प्रश्न साधा होता. जो माणूस परत आलाच नाही, त्याने काही आणलं कसं? वेळ मारून नेली, पण तो प्रश्न घरापर्यंत आमच्यासोबत आला. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलीला उशिराने दिलेलं उत्तर आहे असं समजा.

आधी ॲक्युपंक्चर म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. केसासारख्या बारीक, पोकळी नसलेल्या सुया शरीरावरच्या ठरावीक जागी टोचायच्या, वीस-तीस मिनिटं ठेवायच्या आणि काढून घ्यायच्या. सुईतून औषध जात नाही, रक्त बहुधा येत नाही. जुन्या चिनी समजुतीप्रमाणे शरीरात 'छी' नावाची एक चेतना वाहते, तिच्या बारा मुख्य वाहिन्या आहेत, पाठीमागची एक आणि पुढची एक धरून चौदा. आणि त्यांच्यावर आज प्रमाण मानलेले ३६१ बिंदू आहेत. हा प्रवाह अडला की दुखणं, मोकळा झाला की आराम. आता ही छी किंवा या वाहिन्या शवविच्छेदनात कोणाला सापडलेल्या नाहीत, हेही लगेच सांगून टाकतो. म्हणून ती विद्या खोटी ठरते का? तेवढ्यावरून ठरत नाही. कारण सांगण्यात चूक असेल आणि तरीही गुण येत असेल, असं होऊ शकतं. याचा विचार नंतर करू.

या विद्येचा चीनमधला इतिहास आपल्याला वाटतो तसा सरळ नाही. १९७३ मध्ये चीनमध्ये मावांगदुई इथे इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेली एक कबर उकरली, त्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे लेख मिळाले. त्यांत वाहिन्यांची वर्णनं आहेत, शेक देण्याचे उपाय आहेत, पण सुईचा उपचार नाही. सुईचं सविस्तर शास्त्र येतं ते त्यानंतर जुळवल्या गेलेल्या 'ह्वांगदी नेइजिंग' या ग्रंथात. म्हणजे पाच हजार वर्षं जुनं वगैरे जे जाहिरातीत लिहितात, त्याला लेखी आधार नाही. दोन हजार वर्षं म्हणा, तेवढंही पुष्कळ आहे.

पुढे सुंग राजवटीत, १०२७ च्या सुमारास, वांग वेइयी नावाच्या वैद्याने माणसाएवढ्या काशाच्या दोन मूर्ती घडवून घेतल्या. अंगभर बिंदूंची छिद्रं. परीक्षेच्या वेळी मूर्तीवर मेणाचा थर द्यायचे आणि आत पाणी भरायचे. विद्यार्थ्याची सुई बरोबर बिंदूत गेली तर पाणी बाहेर यायचं. आमच्या हयातीत आम्ही हजारो उत्तरपत्रिका तपासल्या, पण इतकी स्वच्छ परीक्षा घेता आली नाही!

आणि मग उतरती कळा. १८२२ मध्ये चीनच्या बादशहानेच राजवैद्यकाच्या शाळेतला ॲक्युपंक्चरचा विभाग बंद केला. सुया टोचणं आणि आगीने शेकणं हे राजाच्या अंगाला शोभत नाही, असं कारण दिलं. १९२९ मध्ये तर चीनच्या आरोग्य मंडळापुढे जुनं वैद्यक पूर्ण बंद करण्याचाच प्रस्ताव आला. देशभरच्या वैद्यांनी विरोध केला म्हणून तो बारगळला. आपण समजतो, चीनमध्ये ही विद्या अखंड मानाने चालत आली. तसं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती खेड्यातल्या वैद्याची, गरिबाची विद्या उरली होती.

इथे एक थांबा घेऊ, कारण कोणीतरी हमखास म्हणतं, "सर, हे सगळं मूळ आपलंच. सुश्रुतात मर्मं सांगितलीत, तीच चीनला गेली." मंडळी, सुश्रुतसंहितेत १०७ मर्मं आहेत हे खरं. पण ती कशासाठी सांगितली आहेत? शल्यकर्म करताना तिथे शस्त्र लागू देऊ नका, तिथे घाव बसला तर माणूस मरेल किंवा पंगू होईल, म्हणून. मर्म म्हणजे जपायची जागा. चिनी बिंदू म्हणजे टोचायची जागा. उद्देशच उलटे आहेत. दोन्हीकडे शरीरावरच्या जागा मोजल्या आहेत, एवढ्या साम्यावरून एकाचं दुसऱ्याने घेतलं असं अनुमान निघत नाही.

साम्य बघायचंच तर दुसरीकडे बघा. आमच्या लहानपणी गावात दुखऱ्या जागी डाग द्यायचे, बिब्ब्याचा चटका द्यायचे, तुंबडी लावायचे. आमच्या आजीच्या पोटरीवर असे दोन डाग शेवटपर्यंत होते. चिनी लोक सुईच्या जोडीला एक वाळलेला पाला जाळून शेक देतात, तो आपल्या दवण्याच्याच कुळातला. त्यांच्या भाषेत या उपचाराचं नावच 'सुई आणि शेक' असं जोडीचं आहे. वेदनेवर दुसरी छोटी वेदना किंवा ऊब देऊन उतारा शोधणं हे जगभरच्या गरीब माणसाला सुचलेलं आहे. त्यासाठी कोणी कोणाकडून शिकायला लागत नाही.

आता कोटणीसांकडे येऊ. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषबाबू. त्यांनी आवाहन केलं, देशात निधी गोळा झाला, पाच डॉक्टर निघाले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस, आणि बंगालचे देबेश मुखर्जी व बिजयकुमार बसू. पाचांत दोन आपल्या महाराष्ट्रातले, हे विसरू नका. चोळकरांचं नाव तर आपण विसरूनच गेलो.

१ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून त्यांची बोट सुटली. आपला हदगाव भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. त्याच सुमारास निजाम सरकारने स्टेट काँग्रेसवर बंदी घातली आणि ऑक्टोबरमध्ये स्वामी रामानंद तीर्थांनी सत्याग्रह केला. म्हणजे इथले लोक स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात जात होते, आणि सोलापूरचा सत्तावीस वर्षांचा मुलगा दुसऱ्या देशाच्या जखमा शिवायला निघाला होता. स्वतः गुलाम असलेल्या देशाने दुसऱ्याला पाठवलेली ही मदत होती. तिचं मोल पैशात करू नये.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. वैद्यकीचं शिक्षण मुंबईच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. १९३९ च्या फेब्रुवारीत ते येनानला पोचले. पुढे उत्तर चीनच्या आघाडीवर गेले. वडील वारल्याची बातमी चीनमध्येच कळली, तरी परतले नाहीत. कॅनडाचे प्रसिद्ध सर्जन नॉर्मन बेथून १९३९ मध्ये आघाडीवर रक्तात विष भिनून वारले. त्यांच्या नावाच्या इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचे कोटणीस १९४१ च्या जानेवारीत पहिले संचालक झाले. तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय बत्तीस.

या चार वर्षांत ते काय करत होते? शस्त्रक्रिया. गोळ्या काढणं, सडलेले हातपाय कापणं, जखमा शिवणं. शिकवत काय होते? शस्त्रक्रिया. चिनी भाषा शिकून त्यांनी चिनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहिलं. दुसरं लिहिता लिहिता गेले. म्हणजे देवघेव झाली ती आपल्याला वाटते त्याच्या उलट दिशेने. तिकडची सुई इकडे आणायला ते गेले नव्हते. मुंबईत शिकलेली सुरी त्यांनी तिकडे नेली.

मग चीनमधल्या नव्या दवाखान्यांत सुई आली केव्हा? तर कोटणीसांच्या नंतर. येनानच्या भागाला चहूकडून नाकेबंदी होती. औषधं येत नव्हती, शिकलेले डॉक्टर अगदी थोडे. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये माओंनी भाषण केलं, की नव्या डॉक्टरांनी जुन्या वैद्यांना तुच्छ लेखू नये, त्यांना बरोबर घ्यावं आणि सुधारावं. १९४५ च्या एप्रिलमध्ये येनानच्या इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलात ॲक्युपंक्चरचा विभाग उघडला. रेन चोथिएन नावाचे जुने वैद्य शिकवू लागले. त्यांच्याकडे शिकलेल्या चू लियन या आधुनिक वैद्यक शिकलेल्या बाईंनी १९५१ मध्ये 'नवं ॲक्युपंक्चर' या नावाचं पुस्तक काढलं. त्यात छी आणि वाहिन्यांपेक्षा मज्जासंस्थेची भाषा जास्त आहे. आज आपण ज्याला प्राचीन चिनी विद्या म्हणतो, तिचं दवाखान्यातलं रूप हे असं चाळिशी-पन्नाशीच्या दशकांत, टंचाईतून घडलेलं आहे. कोटणीस जाऊन तेव्हा सव्वादोन वर्षांहून जास्त काळ लोटला होता.

आणि भारतात? त्या पाचांतले डॉ. बसू १९४३ मध्ये परत आले. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, तिथे ही विद्या शिकले आणि १९५९ मध्ये कलकत्त्यात त्यांनी सुया टोचून उपचार सुरू केले. तीन वर्षांत चीनशी युद्ध झालं. चीनचं नाव घेणंही अवघड झालं असेल तेव्हा या माणसाने हे काम सोडलं नाही. सत्तरच्या दशकात कोटणीस स्मारक समितीच्या कामातून ते वाढवलं. त्या कामाला आणि दवाखान्यांना त्यांनी स्वतःचं नाव दिलं नाही, गेलेल्या मित्राचं दिलं. लुधियानातही कोटणीसांच्या नावाचं ॲक्युपंक्चर रुग्णालय आहे. आता कळलं ना आमची चूक कशी झाली ते? 'कोटणीस' ही पाटी वाचून आम्ही ठरवलं, कोटणीसांनीच आणलं. एका मित्राने दुसऱ्याची आठवण जपली, आणि आम्ही त्या आठवणीत जपणाऱ्यालाच पुसून टाकलं.

जगभर बोलबाला झाला तो १९७१ मध्ये. न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगला असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. शस्त्रक्रिया नेहमीच्या भूल देण्याच्या औषधाने झाली. नंतर पोट फुगून दुखायला लागलं तेव्हा सुया टोचल्या, आराम पडला. त्यांनी तसं लिहिलं. लोकांनी काय ऐकलं? सुईवर भूल देऊन ऑपरेशन केलं! आमच्यासारखे ऐकणारे सगळीकडेच असतात.

आता फायद्याचं. आपल्या न्यायशास्त्रात एक सुंदर विचार आहे, 'अन्यथासिद्ध'. कुंभार मडकं घडवतो. काठी हवी, चाक हवं, ही कारणं. पण माती वाहून आणणारं गाढवही दर वेळी मडक्याच्या आधी तिथे हजर असतंच. म्हणून गाढव मडक्याचं कारण होत नाही. आधी आलं म्हणजे कारण झालं, असं नव्हे. ॲक्युपंक्चरला हाच प्रश्न विचारायचा. गुण आला, मान्य. पण सुईची ती नेमकी जागा म्हणजे चाक आहे की गाढव?

जर्मनीत हे तपासलं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जुनी कंबरदुखी असलेले ११६२ रुग्ण घेतले. एका गटाला योग्य बिंदूंवर सुया, दुसऱ्याला बिंदू सोडून भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला नेहमीचे औषध-व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटात शंभरातल्या ४८ जणांना चांगला उतार पडला, दुसऱ्यात ४४ जणांना, तिसऱ्यात २७ जणांना. बघा, सुया घेणाऱ्यांना नेहमीच्या उपचारापेक्षा बराच जास्त फायदा. पण बरोबर जागा आणि चुकीची जागा यांत फरक जवळपास नाही! पुढे २०१२ मध्ये जवळजवळ अठरा हजार रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा बरोबर जागेचा थोडा फायदा दिसला. थोडा, पण दिसला. म्हणजे जागा अगदीच गाढव नाही. पण मोठा वाटा टोचण्याचाच, स्वस्थ पडून राहण्याचा, कोणीतरी अर्धा तास आपल्याकडे लक्ष देण्याचा आणि विश्वासाचा. सुई टोचल्यावर शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं, एंडॉर्फिन, सोडतं असे प्रयोग १९७६ पासून झालेले आहेत. तेव्हा हे नुसतं मनाचे खेळ म्हणून उडवून लावायचं कारण नाही.

हिशेब मांडायचा तर असा. जुनी कंबरदुखी, मानदुखी, गुडघेदुखी, अर्धशिशी, ऑपरेशननंतरची किंवा केमोथेरपीनंतरची मळमळ, इथे फायदा होण्याची शक्यता आहे. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार, क्षय बरा होतो असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून उठावं.

हे आम्ही ठासून का सांगतो, त्याला कारण आहे. आमचा उजवा खांदा आखडला होता. सदऱ्यात हात घालवत नव्हता. दहा बैठका झाल्या. सुई घुसते तेव्हा मुंगी चावल्यासारखं होतं, मग आत एक जड, बधिर कळ येते. तिलाच ते लोक योग्य जागा सापडल्याची खूण मानतात. दोन महिन्यांत हात वर गेला. आम्ही ज्याला त्याला सांगत सुटलो, "सुया घ्या, सुया घ्या." आखडलेला खांदा पुष्कळदा कालांतराने आपोआपही मोकळा होतो, हे आम्हाला नंतर कळलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली की काय, ते आजही सांगता येत नाही.

पण आमचं ऐकून नात्यातले एक गृहस्थ एका केंद्रात गेले. पाय दुखतो म्हणून. त्यांना साखरेचा आजार. तिथे त्यांना सांगितलं गेलं की सुयांनी साखरही जाईल, गोळ्या कशाला घेता. त्यांनी गोळ्या सोडल्या. पायाला जखम झाली, ती चिघळली, अंगठा काढावा लागला. आम्ही भेटायला गेलो तर ते म्हणाले, "भाऊ, तुम्हाला गुण आला म्हणूनच तर गेलो होतो." रागाने म्हणाले नाहीत, आणि म्हणूनच ते आमच्या जास्त जिव्हारी लागलं. त्या केंद्राचा दोष होताच. पण बिनतारखेचं, बिनपुराव्याचं वाक्य मोठ्या आवाजात सांगायची आमची सवय, जी वर्गात फक्त टाळ्या मिळवत होती, तिने घरात एका माणसाचा अंगठा घेतला.

म्हणून जाताना चार गोष्टी. आपल्याकडे २००३ मध्ये केंद्र सरकारने ॲक्युपंक्चरला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली, आणि महाराष्ट्रात २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, परिषद आहे. तेव्हा उपचार करणाऱ्याला नोंदणी विचारा. विचारायला लाजू नका. सुया तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढल्या पाहिजेत, आणि वापरून झाल्या की फेकल्या पाहिजेत. जुन्या सुईने कावीळ पसरू शकते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, छातीत पेसमेकर असेल तर आधी सांगा. आणि चौथं, चालू असलेली एकही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. दुखण्याचं मूळ काय आहे ते आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या, मग हवं तर सुया घ्या. दुखणं शमलं म्हणजे रोग गेला असं नसतं.

कोटणीसांचं मोठेपण सुईवर अवलंबून नाही. बत्तीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी जे केलं तेवढं पुरेसं आहे, त्यात आपण खोटं काही घालायची गरज नाही. आणि सोलापूरला त्यांचं स्मारक बघायला जाल तेव्हा कलकत्त्याच्या बसूंचीही आठवण ठेवा. त्या मुलीने विचारलं होतं, "सर, कुठल्या वर्षी?" तेव्हा आम्हाला तो प्रश्न आगाऊ वाटला होता. आता वाटतं, तोच तिने त्या वर्षी वर्गात शिकलेला सगळ्यात चांगला धडा होता, आणि तो आम्ही शिकवलेला नव्हता. तुम्हीही विचारत चला. वक्त्यांना विचारा, वैद्यांना विचारा. आज आम्हालाही विचारा, आम्ही अजून अर्धा तास इथेच आहोत.